अक्कांनी न ऐकलेला शब्द

समोर कोणी बोलायला लागलं, की अक्कांच्या उजव्या हाताचं बोट चालू व्हायचं. टेबलावर, मांडीवर, एसटीच्या खिडकीच्या गजावर, जिथे हात असेल तिथे ते बोट बारीक रेघा ओढत राहायचं. आडवी रेघ, बाकदार रेघ, टिंब, पुन्हा रेघ. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना काही दुखणं असावं. खरं म्हणजे त्या समोरच्याचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेत असायच्या आणि ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात नसायचं. एकदा आमच्या कोर्टातल्या शिरस्तेदारांचे वडील वारले म्हणून आम्ही दोघी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. शिरस्तेदार वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगत होते आणि अक्कांनी हात पदराखाली घेतला होता. पदर हलत होता. बाहेर आल्यावर त्या ओशाळून म्हणाल्या, "काय करू माय, कान उघडे असले की हात गप्प बसत नाही."

त्या जळगाव जिल्ह्यातल्या एका कोर्टात स्टेनो होत्या. कोणत्या कोर्टात, ते लिहीत नाही, कारण ज्या खटल्याबद्दल मला सांगायचं आहे त्यातली माणसं अजून हयात आहेत. पगारपत्रकावर त्यांचं नाव वेगळंच होतं, पण बेलिफापासून बार रूममधल्या पिकल्या केसांच्या वकिलांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. न्यायाधीश तेवढे 'बाई' म्हणत. साहेबांच्या उंच मंचाच्या पायथ्याशी, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला जवळजवळ चिकटून त्यांची खुर्ची होती. साक्षीदाराला घाम फुटला, त्याचे हात कठड्यावर घट्ट झाले, तर ते आधी अक्कांना दिसे.

त्या मूळच्या धुळ्याच्या. वडील जिनिंगमध्ये कापूस मोजायच्या काट्यावर होते. मुलीला कुठेतरी खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळावी एवढीच त्यांची इच्छा, म्हणून दहावीनंतर त्यांनी तिला आग्रा रोडच्या मागच्या बोळातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. तिथले सर कळफलकावर फडकं टाकून टाइप करायला लावायचे. शॉर्टहँडच्या तासाला ते वर्तमानपत्रातला अग्रलेख घड्याळ लावून वाचायचे आणि रस्त्याकडच्या खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवायचे. खाली टांगेवाले, भाजीवाले, लग्नसराईत बँडवाले. मुली तक्रार करायच्या. सर म्हणायचे, पुढे तुमच्यासाठी जग शांत बसणार नाही, आत्ताच सवय करा. अक्का हे सांगताना हसायच्या. "सरांनी माझा कान घासून घासून असा केला, की बँड वाजत असताना मला अग्रलेखातला स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा."

साक्ष कशी लिहिली जाते हे कोर्टाबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. साक्षीदार आपल्या बोलीत बोलतो. साहेब ते ऐकतात आणि नीटनेटक्या मराठीत स्टेनोला सांगतात, स्टेनो ते उतरवून घेते. साक्ष संपली की ती साक्षीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मग त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. आमच्याकडे येणारे साहेब बहुतेक बाहेरचे असत, कोणी कोकणातले, कोणी विदर्भातले. पिंजऱ्यातला माणूस भराभर अहिराणीत बोलायला लागला की ते थांबत आणि खाली अक्कांकडे पाहत. अक्का हळूच तो शब्द जसाच्या तसा सांगत आणि मग त्याचा अर्थ. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. आधी अर्थ सांगितला की त्यात आपल्या पदरचं काहीतरी जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा जळगावच्या एका क्लासमधून परीक्षा पास होऊन, प्रमाणपत्र घेऊन आले होते. मी नशिराबादची. आमच्या घरची बोली पूर्वेकडची, अक्कांची धुळ्याकडची, त्यामुळे पहिले काही महिने मला पिंजऱ्यातलं निम्मं बोलणं कळायचंच नाही. अक्कांनी मला लगेच कॉम्प्युटरवर बसवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या मला आवारातल्या निंबाखाली घेऊन जात. तिथे तारखेला आलेली माणसं भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसलेली असत. आपण जरा बाजूला बसायचं आणि ऐकायचं. परत येताना त्या विचारायच्या, ती निळ्या लुगड्याची बाई काय म्हणत होती? मी सांगायची, की तिचा जावई तिच्या मुलीला नांदवत नाही. अक्का मान हलवायच्या. "हे तू सांगतेस. ती काय म्हणाली?" मग मला कळायचं, की बाईचे शब्द माझ्याजवळ नाहीतच. मी ऐकलं होतं आणि तिथल्या तिथे त्याचं आपल्या सोयीचं काहीतरी करून टाकलं होतं. माझं सगळं शिक्षण त्या निंबाखाली झालं असं म्हटलं तरी चालेल.

कोर्टात कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या टायपिस्टांमध्ये मोठी घबराट झाली होती. ही हकीकत मी येण्याआधीची, पण अक्का ती रंगवून सांगत. एकानं तर वेळेआधी निवृत्ती घेतली. मराठी टाइपरायटरवरची अक्षरं एका जागी, कॉम्प्युटरवर दुसऱ्या जागी. वर्षानुवर्षं ज्या बोटांना न बघता चालायची सवय, ती बोटं एकाएकी आंधळी झाली. अक्कांनी घरी पुठ्ठ्यावर नवा कळफलक काढला, तो ओट्यावर ठेवला आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत त्यावर बोटं मारत बसायच्या. त्यांना नवं यंत्र आवडलं. कार्बनच्या चार प्रती काढताना एक चूक चार ठिकाणी खोडावी लागे, तो त्रास गेला. एकाच गोष्टीबद्दल त्या कुरकुरत. "टाइपरायटरवर चूक खोडली तरी तिथे डाग राहायचा. इथे चूक झाली होती हेच कोणाला कळत नाही."

त्यांचं घर म्हणजे कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण त्यांनीच केलं होतं. तो धुळ्याला शाळेत शिक्षक होता, आणि त्याच्या घरी दिवाळीला जाणं हा अक्कांचा वर्षातला एकमेव प्रवास. मला त्या कधीतरी शनिवारी घरी जेवायला ठेवून घ्यायच्या. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि गप्पा. अशाच एका शनिवारी मी बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बोट थांबलं होतं. मी बोलतच राहिले आणि बघत राहिले. बोट थोडं चालायचं, अडायचं, मग पुन्हा भलतीकडूनच सुरू व्हायचं. माझी पाठ वळली, मी माठातलं पाणी घ्यायला उठले आणि बोलत राहिले, तेव्हा ते अगदीच निपचित पडलं.

मी विचारलं तेव्हा त्यांनी नाकारलं नाही. कानाची नस कमजोर होत चालली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर औषध नव्हतं. सगळ्यात आधी 'स' आणि 'श' जातात, मग बाकीचं, असंही सांगितलं होतं. कानात घालायचं यंत्र त्यांनी घेऊन पाहिलं होतं, पण कोर्टातल्या पंख्यांचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाजच त्यातून मोठा येई आणि साक्षीदार त्याखाली बुडून जाई. म्हणून त्या आता ओठ बघत होत्या. पिंजऱ्याच्या इतक्या जवळ बसण्याचा हा एक उपयोग. मी त्यांना म्हटलं, साहेबांना सांगा. त्या म्हणाल्या, सांगणार आहे. पुढे तीन-चार वेळा मी तेच म्हटलं आणि त्या तेच म्हणाल्या. त्यांना कशाची भीती होती ते मला समजत होतं. नोकरी जाईल ही नव्हती. त्या खुर्चीखेरीज त्यांना स्वतःची दुसरी ओळखच नव्हती.

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. खटला खुनाचा होता. पारोळ्याकडच्या एका खेड्यात दोन भावांचं घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, भांडण झालं, मोठा भाऊ खाली अंगणात पडून मेला आणि धाकटा आरोपी म्हणून आमच्या कोर्टात उभा होता. धाब्यावर त्या वेळी तिसरं माणूस एकच होतं, त्यांची आई. ती साक्षीला आली होती.

बाई साठीच्या आतबाहेरची, शेतात राबून काळवंडलेली. पिंजऱ्यात चढल्यापासून तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. दुपारची वेळ, कूलर घरघरत होता. सरकारी वकिलांनी आधी घरचं, शेताचं विचारलं. ती एकेका शब्दात उत्तर देत होती. मग त्यांनी विचारलं, की धाब्यावर शेवटी काय झालं. बाईनं पदर आणखी घट्ट धरला. नंतर पदराआडूनच काहीतरी बोलली, एकच वाक्य, विहिरीतून यावं तसं.

सरकारी वकील वळून म्हणाले, साक्षीदार 'पाडं' म्हणाली. आरोपीचे वकील ताडकन उठले आणि म्हणाले, ती 'पडना' म्हणाली. अहिराणीत 'पडना' म्हणजे पडला आणि 'पाडं' म्हणजे पाडलं. त्या दोन शब्दांमध्ये धाकट्या मुलाचं सगळं आयुष्य उभं होतं. मी मागच्या टेबलावर बसले होते, मला दोन्हींपैकी काहीच स्पष्ट ऐकू आलं नव्हतं. साहेबांनी नेहमीप्रमाणे खाली पाहिलं आणि विचारलं, "बाई, काय म्हणाली ती?"

सगळं कोर्ट अक्कांकडे बघत होतं. त्या जे सांगतील ते लिहिलं गेलं असतं. त्यांच्या शब्दावर त्या खोलीत आजवर कोणी शंका घेतली नव्हती, त्या दोन वकिलांनीही नाही. अक्कांची बोटं कळफलकावर होती. त्यांनी ती उचलली, मांडीवर ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, मला ऐकू आलं नाही."

साहेबांना वाटलं, कूलरचा आवाज. त्यांनी शिपायाला कूलर बंद करायला सांगितला. अक्का उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "कूलरमुळे नाही, साहेब. मला आता कमी ऐकू येतं. बऱ्याच दिवसांपासून. मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

कूलर बंद झाल्यावर इतकी शांतता झाली, की बाहेरच्या व्हरांड्यातल्या चपला ऐकू येऊ लागल्या. साहेब तरुण होते, पण समजूतदार. ते अक्कांना बसा म्हणाले आणि साक्षीदार बाईकडे वळून शांतपणे म्हणाले, की आई, तुम्ही काय सांगितलं ते आम्हाला नीट समजलं नाही, पुन्हा सांगावं लागेल. बाईनं साहेबांकडे पाहिलंच नाही. ती अक्कांकडे पाहत होती. तिनं तोंडावरचा पदर काढला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलली.

"त्यानी त्याले पाडं, बाई. लिखी ले."

मागे आरोपीच्या जागी धाकट्यानं कठड्यावर डोकं टेकलं. साहेबांनी ते वाक्य तिच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहायला सांगितलं. अक्कांनी लिहिलं. साक्ष संपल्यावर त्यांनीच ती वाचून दाखवली. आवाज कुठेही हलला नाही. बाईनं अंगठा दिला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

त्या संध्याकाळी मी अक्कांच्या सोबत त्यांच्या घरापर्यंत चालत गेले. रस्त्यात त्या एकच वाक्य बोलल्या. "माझ्यापायी त्या माऊलीला ते दोनदा बोलावं लागलं." पुढच्या काही वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला हिशोब नाही. मधेच, काही संबंध नसताना, भाजी निवडताना, बसची वाट बघताना.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. दुसऱ्या काही दाव्यांतल्या वकिलांनी अर्ज दिले, की अलीकडच्या साक्षी तपासून पाहाव्यात. तो त्यांचा हक्कच होता, आणि अक्कांनी स्वतःही साहेबांकडे तेच मागितलं होतं. साक्षीदारांना पुन्हा बोलावलं गेलं. सगळं जुळलं, एक जागा सोडून. बांधाच्या एका दाव्यात म्हातारा शेतकरी 'साठ हात' म्हणाला होता आणि लिहिलं गेलं होतं 'आठ हात'. वाचून दाखवताना त्यानंही मान डोलावली होती. तोही म्हातारा, त्यालाही कमीच ऐकू येत असावं. दावा चालू होता, दुरुस्ती झाली, कोणाचं काही गेलं नाही. पण अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आपला 'स' कुठे गेला होता ते त्यांना सापडलं होतं.

वैद्यकीय दाखल्यावरून त्यांची बदली नक्कल विभागात झाली. पगार तोच राहिला. त्यांच्या खुर्चीवर मी बसू लागले. तिथे कागद यायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, तपासून शिक्के मारायचे. ऐकण्याचं काम नाही. त्या खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणून लोकांना काचेवर टकटक करावी लागे, आणि तीही ऐकू न आल्यानं शेजारचा कारकून त्यांच्या खांद्याला हात लावी.

खुनाच्या खटल्याचा निकाल लागला. जीव घेण्याचा इरादा नव्हता, रागाच्या भरात ढकललं गेलं, असं कोर्टानं धरलं आणि धाकट्याला काही वर्षांची सजा झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती आई नक्कल विभागाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. अपील करायचं म्हणून वकिलानं तिला निकालाची आणि साक्षींची नक्कल आणायला पाठवलं होतं. मी त्या वेळी काही कागद द्यायला तिथे गेले होते, म्हणून हे मला माहीत आहे. ज्या मुलाविरुद्ध तिनं साक्ष दिली त्याच्याच सुटकेसाठी ती आता धावपळ करत होती. तिनं अक्कांना ओळखलं.

"तुले आयकू येत नही, तीच बाई ना तू?"

अक्कांनी तिचे ओठ वाचले. त्या उठून बाहेर आल्या, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. नक्कल तयार झाली, अक्कांनी ती तिच्या हातात दिली, तेव्हा बाई म्हणाली, "मी काय सांगं ते बठ्ठं वाची दाखाड." अक्कांनी तिच्या साक्षीची सगळी पानं काढली आणि व्हरांड्यात तिच्याजवळ बसून वाचली. बाई मान खाली घालून ऐकत होती. ते वाक्य आलं तेव्हा अक्का थांबल्या. बाईनं हातानं खूण केली, वाच. अक्कांनी वाचलं. बाई हळूच म्हणाली, "हां, हाईच सांगं मी." मग कागद पिशवीत घालताना, कोणी विचारलं नसताना, म्हणाली, "जो गया तो बी मना, जो शे तो बी मना." गेला तोही माझा, आहे तोही माझाच. अक्का तिला बसपर्यंत पोचवायला गेल्या. शिक्के तसेच उघडे ठेवून, साहेबांची परवानगी न घेता. नोकरीत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं असावं.

त्यानंतर अक्कांमध्ये एक बदल झाला. साक्षींचं ध्वनिमुद्रण व्हायला हवं असं त्या उघड बोलू लागल्या. त्या दिवशी रेकॉर्डिंग असतं तर बटण दाबून ऐकता आलं असतं, त्या बाईला तोंडावरचा पदर काढावा लागला नसता, असं त्यांना वाटे. आमच्या पिढीच्या स्टेनोंना हे बोलणं आवडत नसे. तेव्हा नुकतंच ऐकू येऊ लागलं होतं, की बोललं की आपोआप मराठीत टाइप करणारी यंत्रं येणार, तुरुंगातल्या आरोपींना पडद्यावर हजर करणार, मग आपण कशाला? एकदा चहाच्या वेळी मी त्यांना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मशीनला नावं ठेवायला मला तोंड नाही, माय. माझे कान मशीनपेक्षा बरे होते तोवर मीही ठेवली असती."

पुढे ते सगळं आलंच. माइक आले, पडदे आले, साहेब बोलतील ते स्क्रीनवर उमटू लागलं. नव्या भरतीची मुलं-मुली आली, त्यांची बोटं आमच्यापेक्षा चपळ, पण शॉर्टहँडचं वळण कच्चं. त्यांना शिकवायला अक्कांनाच बोलावलं गेलं. त्यांना डिक्टेशन देता येई, मुलांचं ऐकता येत नसे, म्हणून मी शेजारी बसून प्रश्न कागदावर लिहून देई. त्या मुलांना त्या यंत्राशी भांडायला शिकवत नव्हत्या. यंत्रानं उमटवलेलं पान आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवायचं, एकेक ओळ ताडून बघायची, आणि अहिराणी वाक्य आलं की स्क्रीनवरची नजर काढून कानानं ऐकायचं. एका मुलानं विचारलं, इतकं दोनदा करण्यापेक्षा सरळ आपणच का लिहू नये? अक्कांनी त्याचा प्रश्न कागदावर वाचला आणि त्या म्हणाल्या, की तुझ्या कानाचं काय होईल ते तुला आज माहीत नाही.

निवृत्त झाल्यावर त्या धुळ्याला भावाकडे राहायला गेल्या. देवपुरात त्याचं घर होतं. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. भाचीनं त्यांना फोनमध्ये एक सोय करून दिली होती. फोन समोर धरून बोललं की पडद्यावर मराठीत अक्षरं उमटत. आम्ही दुपारभर तशा बसलो होतो. मी बोलायची, त्या चष्मा लावून वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या. कोर्टातल्या सगळ्यांची चौकशी झाली. माझ्या खुर्चीची, म्हणजे त्यांच्या खुर्चीची. आता साक्षींचं रेकॉर्डिंग नेहमीचंच झालं आहे हे मी सांगितलं. ते त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावून पुन्हा वाचलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या.

मधेच भावजय स्वयंपाकघरातून अहिराणीत काहीतरी बोलली, आतल्या आत, भांड्यांच्या आवाजात. फोननं क्षणाचाही विलंब न लावता एक ओळ उमटवली. तिला काही अर्थ नव्हता, कुठल्यातरी गावाचं नाव आणि 'सोमवार' असं काहीसं होतं. अक्कांनी ती मला दाखवली. त्यांना हसू आलं होतं, पण ते टिकलं नाही. "याचं मला एकच आवडत नाही," त्या म्हणाल्या. "याला ऐकू आलं नाही तरी हा काहीतरी लिहितोच."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे त्या फार मोठ्यांदा बोलत. "सावकाश जा. पोचलीस की फोन कर," असं त्या गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, मग चुकल्यासारख्या थांबल्या आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे लिहून कळव." मी एरंडोलच्या पुढे गेल्यावर बसमधूनच लिहिलं, की जवळ आले. त्यांचं उत्तर आलं, "जवळ म्हणजे कुठे?"

त्याच थंडीत त्या गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. भावाचा फोन आला तेव्हा मी साक्ष उतरवून घेत होते. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून मी दहाव्याला गेले. विधी झाल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. साठीकडे आलेले, बहिणीसारखेच बारीक चणीचे. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होते. नर्स तोंडाला मास्क लावून बोलायच्या, त्यामुळे अक्कांना ओठ दिसायचे नाहीत. दर वेळी त्या न लाजता म्हणायच्या, मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. धाप लागली होती तरी म्हणायच्या. गोळीचं नाव, वेळ, सगळं पुन्हा वदवून घ्यायच्या. "घरी आम्ही वैतागायचो तर नुसती मान डोलवायची," भाऊ म्हणाले. "पण कामाचं बोलणं असलं की सोडायची नाही. हे तिला कुठून आलं कोण जाणे."

मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, खुर्ची का सुटली ते अक्कांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं? ते म्हणाले, बदली झाली एवढंच सांगितलं होतं, वय झालं, हलकं काम दिलं, असं. मग मी त्यांना त्या उन्हाळ्यातल्या दुपारची हकीकत सांगितली. कूलर, पदर, ते दोन शब्द, अक्कांचं उभं राहणं, आणि ती आई त्यांना काय म्हणाली ते, तिच्या शब्दांत.  अंगणात पाहुणे पांगत होते. भाऊंनी आत हाक मारून बायकोला आणि मुलीला बोलावलं, शेजारी बसायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यांनी ऐकलं नाही. पुन्हा एकदा सांगाल का?"

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.